रोजच्या गाडींत टर्बोचें इंजिन

लोहाराच्या भट्टींत कोळसा तोच असतो आणि लोखंडहि तेंच असतें. परंतु भाता जोरानें ओढला जाऊं लागला म्हणजे पाहतां पाहतां तांबूस लोखंड पांढरें होतें. अग्नीस जळण लागतें तसा वाराहि लागतो, ही गोष्ट भट्टीजवळ बसणाऱ्या लहान पोरासहि ठाऊक असते. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. सिलिंडरांत पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें. अडतें तें हवेपाशीं. वजनानें एक भाग पेट्रोल पुरतेपणीं जळावयास सुमारें १४.७ भाग हवा लागते, आणि साध्या इंजिनास दट्ट्या खालीं सरकतांना जेवढी हवा आपण होऊन आंत शिरेल तेवढ्यावरच भागवावें लागतें. हीच हवा दाबून आंत भरली तर त्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक शक्ति निघते. ह्या भात्याचें काम करणारें यंत्र म्हणजे टर्बोचार्जर.

त्याची रचना सांगावयास सोपी आहे. एका आंखूड दांड्याच्या दोन टोकांस दोन पंखेदार चाकें बसविलेलीं असतात. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकावर आदळून तें फिरवितो. दांडा एकच असल्यामुळें दुसरें चाकहि फिरतें आणि बाहेरची हवा ओढून, दाबून ती सिलिंडरांकडे पाठवितें. एरवीं वायां जाणारा धूरच येथें भाता ओढतो. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यानें या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. पुढें १९१८ सालीं सॅन्फर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियरानें विमानाचें लिबर्टी इंजिन कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेलें, आणि विरळ हवेंत इंजिन जी शक्ति गमावून बसतें ती टर्बोनें परत मिळवितां येते हें दाखवून दिलें. रचना सोपी, परंतु या यंत्रास सोसावें लागतें तें मात्र सोपें नाहीं. पूर्ण जोरांत हा दांडा मिनिटास एक लक्षाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याच्या एका टोकास लागणारा धूर ८०० ते ९०० अंश सेंटिग्रेड तापलेला असतो. मधल्या तेलाच्या पातळ थरावर सारा भार.

विमानांत व मोठाल्या डीझेल इंजिनांत टर्बो लवकर रुळला. घरगुती मोटारींत येतांना मात्र तो चांगलाच अडखळला. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबाइल कंपनीनें जेटफायर नांवाची गाडी काढली. साडेतीन लिटरांच्या इंजिनास टर्बो जोडून २१५ अश्वशक्ति मिळविलेली होती. दाबलेल्या हवेमुळें इंजिनांत अवेळीं स्फोट होऊं नयेत म्हणून शुद्ध पाणी व मेथिल अल्कोहोल यांचें मिश्रण निराळ्या टाकींत भरून तें थोडथोडें आंत सोडण्याची युक्ति केलेली होती. टाकी रिकामी झाल्यास टर्बोचा जोर आपोआप कमी व्हावा, अशीहि तजवीज होती. योजनेंत खोट काढण्यासारखें फारसें नव्हतें. पण सकाळीं कचेरीस निघालेला गृहस्थ ती टाकी पाहावयास विसरे, आणि मग गाडी ओढत नाहीं म्हणून तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जाई. दोन वर्षांत ही गाडी बंद झाली, आणि विकल्या गेलेल्यांपैकीं पुष्कळ गाड्यांचा टर्बो काढून तेथें साधें कार्बुरेटर बसविण्यांत आलें. १९७८ सालीं स्वीडनच्या साब कंपनीची ‘९९ टर्बो’ बाजारांत आली. तींत टर्बो लहान ठेवून तो लौकर फिरूं लागेल असें केलें होतें, आणि दाब मर्यादेबाहेर जाऊं लागतांच जादा धूर बाजूनें सोडून देणारी झडप बसविली होती. तेव्हां कोठें टर्बो हा रोजच्या व्यवहाराचा सोबती ठरूं लागला.

म्हणजे, हाताशीं कारखाना, प्रयोगशाळा आणि पैसा असलेल्या इंजिनियरांनाहि टर्बोची शक्ति मिळविणें जड गेलें नाहीं. जड गेलें तें टर्बोला शिस्तींत वागविणें. असें असतां तेंच काम हल्लीं कित्येक हौशी माणसें घराशेजारच्या मोटारखान्यांत, रविवारच्या सुटींत करावयास बसतात. याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतीलच आहे.

निसान कंपनीनें १९८९ ते १९९८ या मॉडेल-वर्षांत अमेरिकेंत ‘२४० एसएक्स’ नांवाची दोन दारांची गाडी विकली. इंजिन पुढें आणि ओढणारीं चाकें मागें, अशी तिची ठेवण. इंजिन मात्र साधें, २.४ लिटरांचें, ओतीव लोखंडी धडाचें. आरंभीं १४० व १९९१ पासून १५५ अश्वशक्तीचें. जपानांत हीच गाडी सिल्व्हिया या नांवानें प्रथम १.८ लिटरांचें टर्बो इंजिन घेऊन १९८८ सालीं आली, आणि १९९१ पासून तिला ‘एसआर-२० डीईटी’ हें दोन लिटरांचें टर्बो इंजिन मिळालें. नांव अवघड दिसतें, पण तें बोलकें आहे: एसआर हें कुळ, वीस म्हणजे दोन लिटर, डी म्हणजे वर दोन कॅमदांडे, ई म्हणजे विद्युत्-नियंत्रित इंधन, आणि टी म्हणजे टर्बो. धड अॅल्युमिनियमचें, म्हणून वजनास हलकें. शक्ति २०५ अश्व. पुढच्या पिढ्यांत ती २२० आणि २५० पर्यंत गेली. सांगाडा एकच, पण समुद्राच्या एका तीरास एक इंजिन आणि दुसऱ्या तीरास दुसरें. अमेरिकेंतील तरुणांच्या मनांत हें शल्य राहिलें असल्यास नवल नाहीं.

हें इंजिन अमेरिकेस पोहोंचतें कसें, हेंहि पाहण्यासारखें आहे. जपानांत प्रत्येक मोटारीस ‘शाकेन’ नांवाची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. नव्या गाडीस तीन वर्षांनीं, व पुढें दर दोन वर्षांनीं. गाडी जुनी होत जाते तसतसा या तपासणीचा व दुरुस्तीचा खर्च जड वाटूं लागतो, आणि अजून धडधाकट असलेल्या गाड्याहि मोडींत निघतात. त्यांचीं इंजिनें, किंवा पुढील कांचेच्या मागून कापलेली सबंध पुढची अर्धी गाडीच, जहाजानें परदेशीं जाते. या अर्ध्या गाडीस धंद्यांत ‘फ्रंट क्लिप’ म्हणतात. नुसत्या इंजिनापेक्षां ती महाग पडते. परंतु इंजिनाबरोबर गिअरपेटी, तारांचें जाळें, नियंत्रक पेटी, नळ्या आणि शेंकडों लहान पट्ट्या व बोल्ट तींत जागच्या जागीं मिळतात. जो पैसा वांचविण्यासाठीं सुटें इंजिन घेतो तो पुढें एकेका पट्टीसाठीं चार चार आठवडे वाट पाहत बसतो.

आतां असा एक मालक कल्पनेंत आणावा कीं ज्याच्यापाशीं ही एकच गाडी आहे. अमेरिकेच्या बहुतेक लहान गांवांत बस नसते, आणि असली तरी ती कारखान्याच्या फाटकाशीं जाईलच असें नाहीं. अशा माणसाचें इंजिन उतरलें म्हणजे त्याची नोकरीहि इंजिनाबरोबर हवेंत लोंबूं लागते. त्यानें दोन दिवसांचा हिशेब धरलेला असतो. तो क्वचितच पुरतो.

पहिला प्रश्न इंजिनाच्या प्रकृतीचा. अशा इंजिनांपैकीं अगदीं अलीकडचें म्हटलें तरी तें २००२ पूर्वीचें असणार, कारण सिल्व्हियाचें उत्पादन त्या वर्षीं बंद झालें. म्हणून ज्यास विकत घ्यावयाचें त्यानें चारहि सिलिंडरांतील दाब मोजून पाहावा. चारहि आंकडे एकमेकांच्या जवळ असणें हें एखादा आंकडा मोठा असण्यापेक्षां महत्त्वाचें आहे. टर्बोची दांडी बोटांनीं हालवून पाहावी. किंचित् आडवी हालचाल चालते, तेलाचा थर तेथें बसावयाचा असतो. परंतु चाकाचें पातें कवचास घांसलेलें दिसल्यास तो टर्बो नव्हे, तें ओझें. आणि हीं सर्व पाहणी इंजिन गाडींत बसविण्यापूर्वीं व्हावी. जुना पाण्याचा पंप, रबरी नळ्या, तेल अडविणाऱ्या चकत्या हें सगळें इंजिन बाहेर असतांना एका दुपारीं बदलतां येतें. तेंच आंत गेल्यावर दोन रविवार खातें.

बसविण्याचें काम लोक समजतात तितकें कठीण नसतें. सांगाडा एकच असल्यामुळें इंजिन आपल्या जागीं सुखानें उतरतें. कठीण असतें तें इंजिनाभोंवतालचें जग. जपानी गाडी उजव्या हातानें हाकावयाची, अमेरिकन गाडी डाव्या. त्यामुळें तारांची लांबी, वळण व खटके एकमेकांशीं जुळत नाहींत. घाईनें कापून, पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली तार पहिल्या दिवशीं उत्तम चालते. पहिल्या पावसाळी किंवा कडाक्याच्या थंडीच्या सकाळीं ती मालकास त्याच्या घाईची आठवण करून देते.

त्याहून सूक्ष्म गोष्ट हवेच्या मोजमापाची. या इंजिनांत हवा शिरते त्या वाटेवर एक तापविलेली बारीक तार असते. जाणारी हवा तिला थंड करते, आणि तिला पुन्हां तापलेली ठेवावयास किती वीज लागली यावरून नियंत्रक पेटी आंत किती हवा गेली हें ठरविते व त्या मानानें पेट्रोल सोडते. हिशेब चोख आहे. मात्र मोजलेली हवा वाटेंत कोठेंहि न सांडतां सिलिंडरांत पोहोंचली पाहिजे. तारेपासून टर्बो, टर्बोपासून थंड करणारी जाळी, जाळीपासून इंजिन, अशा त्या लांब वाटेवर रबरी सांधे अनेक, आणि तेहि वीस-पंचवीस वर्षांचे. एखाद्या सांध्यास बोटभर चीर पडली कीं जोरानें चालतांना मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण सुटतें, मागून काळा धूर निघतो, आणि न जळलेलें इंधन धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक डब्यास तापवून त्याचा नाश करतें. उलट, गाडी चौकांत उभी असतां त्याच चिरेंतून न मोजलेली हवा आंत शिरते, पेट्रोल कमी पडतें, व इंजिन धापा टाकूं लागतें. एकाच भोंकाचे दोन परस्परविरुद्ध परिणाम असल्यामुळें मेस्त्रीहि चकतो. कित्येक हौशी मालक तर हें भोंक पैसे देऊन विकत घेतात. पाय उचलतांच दाबलेली हवा ‘फुस्’ करून बाहेर सोडणारी झडप मिळते. मूळ रचनेंत ती हवा परत आंत वळविलेली असते. तो आवाज ऐकून शेजारी वळून पाहतात हें खरें, पण मोजलेली हवा बाहेर गेल्यानें गाडी सिग्नलपाशीं बंद पडली म्हणजेहि तेच शेजारी वळून पाहतात.

दुसरा शत्रु उष्णता. सायकलींत हवा भरणाऱ्या कोणासहि पंपाचें बूड तापतें हें माहीत आहे. टर्बोनें हवेचा दाब दीडपट केला कीं ३० अंशांची हवा ८० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबण्याचा अर्धा हेतु तेथेंच फसतो. आणि ती सिलिंडरांत दाबली गेली असतां ठिणगीनें पेटविलेली ज्योत पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें. दट्ट्यावर हातोड्याचे घाव बसावे तसा ठक्ठक् आवाज येतो. हा ठोका कांहीं सेकंद जरी टिकला तरी दट्ट्याचे कांठ फुटूं शकतात. म्हणून टर्बो व इंजिन यांच्यामध्यें हवा निववणारी जाळी असते, म्हणून जोर लागतांना पेट्रोल मुद्दाम थोडें अधिक सोडतात, आणि म्हणून या इंजिनाचें मूळ दाबप्रमाण ८.५ इतकें कमी ठेवलेलें आहे, अमेरिकेच्या २.४ लिटर इंजिनांत तें ९.५ होतें. पेट्रोलाचा प्रश्न येथेंच येतो. जपानी नियंत्रक पेटीचा हिशेब जपानच्या उंची पेट्रोलावर बसविलेला आहे. अमेरिकेंतील पंपावर लिहिलेला आंकडा दोन निरनिराळ्या मोजणींची सरासरी असतो. कॅलिफोर्नियांतील ९१ म्हणजे जपानी पद्धतीनें सुमारें ९६. हा फरक लक्षांत न घेतां, शिवाय दाब वाढविण्याचा मोह झाला, कीं इंजिन कोणत्या दिवशीं फुटणार एवढेंच ठरावयाचें राहतें. पेट्रोलाचा जुना पंपहि बदलावा लागतो, कारण तो साध्या इंजिनाच्या भुकेपुरताच असतो.

एवढें करून गाडी रस्त्यावर आली म्हणजे मालकास पहिला धक्का बसतो तो वेगाचा नव्हे. चौकांतून निघतांना गाडी पूर्वीपेक्षां मंद वाटते! यांत भ्रम नाहीं. टर्बोस फिरवावयास धूर पाहिजे, आणि इंजिन हळू चालत असतां धूर थोडा. तोंवर हें दोन लिटरांचें, कमी दाबप्रमाणाचें इंजिन जुन्या २.४ लिटरांच्या इंजिनाहून दुबळेंच असतें. फेरे वाढले कीं मग ती एकाएकीं उसळी घेते. मोकळ्या राजरस्त्यावर हें सुख मोठें. परंतु कचेरीच्या वेळच्या गर्दींत, जेथें दर दहा हातांवर थांबावें लागतें, तेथें जुनें लोखंडी इंजिनच अधिक समजूतदार होतें. रोजच्या गाडीचा बहुतेक काळ कोठें जातो याचा हिशेब इंजिन उतरविण्यापूर्वीं फारच थोडे करतात.

वागणुकींतहि फरक करावा लागतो. तेल ठरल्या वेळीं, किंबहुना आधींच बदलावें. सकाळीं इंजिन गरम होईपर्यंत जोर मागूं नये. लांब चढ वेगानें चढून आल्यावर लगेच किल्ली काढूं नये. मिनिटभर इंजिन मंद चालूं द्यावें, नाहींतर तापलेल्या टर्बोंत थबकलेलें तेल करपून त्याचा कोळसा होतो. या इंजिनाच्या टर्बोस पाण्याचें थंडावणेंहि दिलेलें आहे, त्यामुळें हा धोका कमी आहे, नाहींसा झालेला नाहीं. क्लच तर बदलावाच लागतो. आणि ब्रेक! गाडीचा वेग पांचव्या हिश्शानें वाढला कीं ती थांबवितांना ब्रेकांनीं पचवावयाची उष्णता दीडपटीच्या जवळ जाते. इंजिनावर सारी शिल्लक उधळून ब्रेक जुनेच ठेवणारा माणूस आपल्याबरोबर रस्त्यावरील इतरांचेंहि आयुष्य पणास लावतो, आणि त्यांना त्यानें विचारलेलें नसतें.

कायद्याचें काय? अमेरिकेच्या पर्यावरणखात्याचें धोरण असें कीं, इंजिन बदललेली गाडी ही, तिच्या स्वतःच्या किंवा नंतरच्या मॉडेल-वर्षाच्या, त्या देशांत प्रमाणित झालेल्या एखाद्या गाडीशीं धूर शुद्ध करणाऱ्या सर्व साधनांसह तंतोतंत जुळली पाहिजे. ‘एसआर-२० डीईटी’ इंजिन अमेरिकेंत कोणत्याहि गाडींतून विकलेंच गेलें नाहीं. मग जुळावयाचें कोणाशीं? कॅलिफोर्नियांत अशा गाड्या धुराच्या तपासणींत सरकारी पंचापुढें न्याव्या लागतात, व तेथें हें इंजिन टिकत नाहीं. इतर कित्येक ठिकाणीं अशी तपासणीच नसल्यामुळें गाड्या बिनबोभाट फिरतात; पण तपासणी नसणें म्हणजे परवानगी असणें नव्हे. विमा कंपनीस न कळवितां केलेला असा बदलहि अपघातानंतरच उघडकीस येतो, म्हणजे नको त्याच वेळीं. श्रोत्यांपैकीं कोणास आपल्या गाडीवर हा प्रयोग करण्याची ऊर्मि आलीच, तर भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाचून ठेवावें: उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीचा दाखला विसंगत ठरेल असा फरक मालकास करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच उचलून धरलें.

अमेरिकेंत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी गाडी सुरक्षिततेच्या नियमांतून सूट मिळून आणतां येते. त्यामुळें टर्बोसह सबंध जुनी सिल्व्हियाच मागविणारे आतां निघाले आहेत. दुसरे कांहीं जण आपल्याच २.४ लिटर लोखंडी इंजिनास बेताचा टर्बो जोडतात; त्याचें धड दणकट आहे, आणि त्याचे सुटे भाग गांवच्या दुकानांत मिळतात, हा फायदा रोज गाडी लागणाऱ्या माणसास लहान नाहीं. कायद्याची अडचण तेथेंहि सुटत नाहीं. आणि जे इंजिन बदलतातच, त्यांच्यांतील जाणते लोक जुनें इंजिन विकत नाहींत. तेल पाजून, नळ्यांचीं तोंडें फडक्यांनीं बंद करून, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधून व बोल्ट निरनिराळ्या डब्यांत घालून तें मोटारखान्याच्या कोपऱ्यांत झांकून ठेवतात. डब्यांवर कोणता बोल्ट कोठला हेंहि लिहिलेलें असतें.